हरणीची डावी बाजू

खानदेशात आठवडाभर होतो असं सांगितलं की पुण्यातले लोक विचारतात, अजिंठा पाहिलात का? नाही पाहिला. पाटणादेवी? नाही. उनपदेवचे गरम पाण्याचे झरे? तेही राहिले. मग तिकडे जाऊन केलंत काय, असा चेहरा करून ते चहाकडे वळतात. मी एका मोटारीची उजवी बाजू पाहिली, डावी पाहिली आणि परत उजवी पाहिली. आठवडा तेवढ्यातच संपला.

मी पिंपरीजवळच्या एका वाहनांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलंय. इतक्या वर्षांत मी ट्रकच्या दारांच्या बिजागऱ्या काढल्या, डिझेलच्या टाकीचे पट्टे काढले, सीटखालचे कोन काढले. मोटार म्हणून जिच्याकडे बोट दाखवावं अशी एकच गोष्ट माझ्या हातून कागदावर उतरली, आणि तीही नोकरी लागायच्या आधी. डिप्लोमा उशिरा, सत्ताविसाव्या वर्षी झाला; तेव्हा माझ्या खोलीतल्या मित्राचे मामा जळगावात डाळ मिल चालवायचे. त्यांना गाड्यांचं भारी वेड. परदेशातून गाडी आणायची सोय तेव्हा उरली नव्हती, म्हणून त्यांनी ठरवलं की आपली आपणच करून घ्यायची: दोन माणसांची, बुटकी, बिनछपराची, पळणारी स्पोर्ट्स गाडी. जुन्या टॅक्सीचा सांगाडा आणि तिचंच इंजिन, वर पत्र्याची बॉडी मात्र नवी. ती बॉडी मी चार रविवार खपून खाकी कागदावर पूर्ण मापात काढली आणि कागदाची गुंडाळी धुळ्याच्या एका मिस्तरीकडे रवाना झाली. पुढे मला नोकरी लागली. वर्षभराने मित्राने एक फोटो पाठवला. गाडी तयार झाली होती आणि मामांनी तिचं नाव हरणी ठेवलं होतं.

तो फोटो माझ्या टेबलाच्या काचेखाली अठ्ठावीस वर्षं आहे. पुढच्या चाकावरचा मडगार्ड उंच होतो, जरासा थांबतो आणि मग दारावरून मागे असा उतरतो की बघणाऱ्याचा हात आपोआप फोटोकडे जातो. ऑफिसात आजवर कितीतरी जणांनी ही कुठली गाडी म्हणून विचारलं. मी सांगायचो, माझी. इतकं सुख मला दुसऱ्या कुठल्याही शब्दाने दिलेलं नाही.

आता देशात परदेशी कंपन्या येऊ लागल्या, आमच्या साहेबांना घाम फुटला आणि काहीतरी वेगळं काढायचं ठरलं. कुणाचं तरी लक्ष काचेखाली गेलं. हीच गाडी काढू, म्हणाले. आकार हाच, बॉडी फायबरची, इंजिन नवं, आणि सगळं काम कम्प्युटरवर. आमचे ड्रॉइंग बोर्ड त्याआधीच भिंतीला टेकवून ठेवले होते. मामांकडे परत आलेल्या माझ्या मूळ कागदांना वाळवीने केव्हाच संपवलं होतं. म्हणून मापं घ्यायला मी जानेवारीत जळगावला निघालो. सोबत टेप, ओळंबा, पुठ्ठे, कात्री आणि दोन स्वेटर घेतले होते. स्वेटर एकदाही लागले नाहीत असं सांगणार होतो, पण पहाटे लागले.

जळगाव

मित्राच्या मामांना सगळं गाव आबा म्हणतं. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. मिल मुलगा बघतो. आबा व्हरांड्यात आरामखुर्चीत बसतात आणि समोर, पत्र्याच्या शेडखाली, हरणी उभी असते. तिचा लाल रंग विटकरी झालाय, टायर बसलेत, पण धूळ नाही. रोज सकाळी पुसून घेतात. पाय सुजल्यामुळे आबांना एवढ्या खालच्या सीटमध्ये बसता येत नाही, आणि बसलेच तर उठवायला दोन माणसं लागतात. हे त्यांनी मला नमस्कार होण्याआधीच सांगून टाकलं.

मी गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. माझी गाडी मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. आबांच्या खुर्चीकडची बाजू म्हणजे फोटोतली, डावी. मडगार्डवर हात ठेवला आणि मला खरंच भरून आलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने परक्या अंगणात डोळे पुसावेत हे बरं दिसत नाही, म्हणून मी टायर तपासायला खाली वाकलो.

जेवणाची कथा वेगळीच. आमच्याकडे पाहुण्याला आधी घेणार का म्हणून विचारतात. इथे विचारत नाहीत. आबांच्या सूनबाई, सुमनवहिनी, ताटात भरीत वाढत होत्या आणि मी पुरे म्हणायला हात पुढे केला की हातावर वाढत होत्या. हिरवट पांढरी, हातभर लांब वांगी शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजून आणली होती. भरिताला त्या धुराचा वास होता. सोबत उडीद घालून दळलेल्या ज्वारीची, कळण्याची भाकरी. पहिल्या घासाला वाटलं, याचसाठी यायला हवं होतं. तिसऱ्या घासाला उचकी लागली, कानातून वाफ निघू लागली. वहिनींनी शांतपणे सांगितलं की पाहुणे पुण्याचे म्हणून मिरच्या निम्म्याच घातल्यात. दुसऱ्या दिवशी शेवभाजी होती. तिच्या रश्श्यावरच्या लाल तवंगाकडे मी आदराने बघत राहिलो आणि दह्याची वाटी जवळ ओढली.

दुसऱ्या दिवशी काम सुरू केलं. गाडी सपाट फरशीवर ढकलून घेतली, मधोमध खडूची रेघ मारली, आणि दर चार इंचांवर ओळंबा सोडून उंची आणि रुंदी लिहू लागलो. आधी उजवी बाजू केली, कारण तिकडे ऊन यायच्या आत काम उरकायचं होतं. आकडे लिहिताना मजा वाटत होती. मडगार्डचा सर्वांत उंच बिंदू चाकाच्या मध्यापासून नऊ इंच मागे होता. मी काढलेला होता तसाच. कागद वाळवीने खाल्ले तरी आकडे डोक्यात राहतात.

जेवणानंतर डावी बाजू घेतली. तो बिंदू अकरा इंचांवर आला. मी टेप तपासली. परत मोजलं. अकरा. उंचीही पाऊण इंच जास्त, आणि पोट बाहेरच्या अंगाला इंचभर भरलेलं. उजव्या बाजूचा पुठ्ठा कापून डाव्या बाजूला लावला तर बसेना. दोन्ही बाजू एकाच आईची लेकरं वाटत होती, पण जुळी नव्हती. मी मागे सरकून, समोर उभा राहून, आलटून पालटून बघत राहिलो. उजवी बाजू नीट होती, नेटकी होती, माझी होती. पण हात जात होता तो डावीकडे.

संध्याकाळी व्हरांड्यातले फोटो पाहिले. आबा गाडीत, आबांच्या लग्न झालेल्या मुली गाडीपाशी, तोरणमाळच्या रस्त्यावर धुळीत हरणी. प्रत्येक फोटो डाव्या बाजूने. आबांना विचारलं, तर ते म्हणाले, आम्ही कधी ठरवलं नाही, माणूस आपोआप तिथेच जाऊन उभा राहतो. त्यांची खुर्चीसुद्धा अठ्ठावीस वर्षं त्याच बाजूला होती.

मग मला जे कळलं ते सांगायला अजूनही जड जातं. काचेखालची रेघ माझी नव्हती. जी बघून लोक विचारायचे आणि मी छाती पुढे काढून उत्तर द्यायचो, ती दुसऱ्या कुणाची तरी होती. माझी रेघ पलीकडच्या बाजूला होती, जिच्याकडे कुणी फिरकत नव्हतं.

चौकातल्या एसटीडी बूथवरून ऑफिसला फोन लावला. कम्प्युटरचं काम शुभदा करते. पंचविशीची हुशार मुलगी आहे, मला सर म्हणते आणि माझ्या पेन्सिली टोकदार असतात याचं तिला अजून कौतुक वाटतं. तिला दोन बाजू वेगळ्या असल्याचं सांगितलं. तिने जराही न घाबरता सांगितलं की कम्प्युटरला एकच बाजू लागते. दुसरी तो आरशात बघून काढावी तशी स्वतःच काढतो. मग मी कुठली पाठवू? जी खरी असेल ती पाठवा, ती म्हणाली.

खरी कुठली, ते सांगू शकणारा एकच माणूस होता, धुळ्याचा लोटन मिस्तरी. त्याचा पत्ता आबांना आठवेना. त्यांचा जुना ड्रायव्हर गोकुळभाऊ, ज्याने गाडी धुळ्याहून चालवत आणली होती, तो दीपनगरला मुलाकडे राहतो एवढं त्यांना ठाऊक होतं.

दीपनगर

जळगावहून भुसावळ आणि भुसावळहून दीपनगर असा प्रवास मी एसटीने केला. कापलेले पुठ्ठे सोबत घेतले होते, कारण मिस्तरीची माहिती मिळाली तर तसंच पुढे जायचा विचार होता. भुसावळला एक गृहस्थ चढले आणि त्यांनी मोकळी जागा बघून केळ्यांचा आख्खा घड माझ्या पुठ्ठ्यांवर निवांत ठेवला. मी कळवळून सांगितलं की ही मोटारीची मापं आहेत. त्यांनी मापं उचलून पाहिली, समजल्यासारखी मान हलवली आणि घड पुन्हा तिथेच ठेवला. उतरताना नुकसानभरपाई म्हणून मला सहा केळी दिली. केळी उत्तम होती, पुठ्ठे परत कापावे लागले.

औष्णिक केंद्राच्या उंच चिमण्या लांबूनच दिसतात. वसाहतीतली घरं एकसारखी, पिवळट, ओळीने मांडलेली. एका नकाशावर एकदा काढलं आणि शंभर वेळा उमटवलं असं ते दिसत होतं. गोकुळभाऊ अंगणात खाटेवर ऊन खात बसले होते. हरणीचं नाव काढल्यावर ते सरळ होऊन बसले. धुळ्याहून निघाल्यापासून पारोळ्यापर्यंत रस्त्यावरची गुरं सोडून सगळे बाजूला व्हायचे, असं त्यांनी सांगितलं. एरंडोलला चहाला थांबले तर एवढी गर्दी झाली की चहावाल्याने चहाचे पैसेच घेतले नाहीत.

लोटन मिस्तरी चार वर्षांपूर्वी वारले होते. आता ती रेघ कुणाची आणि ती कशी झाली हे कुणालाच विचारता येणार नव्हतं. माझा चेहरा बघून गोकुळभाऊंनी काय झालं विचारलं. मी डाव्या-उजव्याचा घोळ सांगितला. त्यांनी तो मान खाली घालून ऐकला. मग म्हणाले की मिस्तरीची बायको केशरअक्का आहे, धुळ्यात जुन्या आग्रा रोडच्या मागे तिचं पत्र्याचं काम अजून चालतं. डाव्या मडगार्डाचं तिलाच विचारा. मिस्तरी असते तरी तिलाच विचारावं लागलं असतं, गाडी आणायला गेलो तेव्हा त्यांचा हात गळ्यात होता.

धुळे

जळगावहून धुळ्याला जाताना गिरणेचा पूल ओलांडला की काळी जमीन आणि कपाशी बराच वेळ सोबत करतात. बोंडं वेचून झाली होती, पऱ्हाट्या उभ्या होत्या. धुळ्याचे रस्ते मला फार आवडले. सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. ड्राफ्ट्समनला असं गाव बरं वाटतं.

केशरअक्कांची शेड शोधायला त्रास पडला नाही. ठोकण्याचा आवाज गल्लीच्या तोंडापासून येत होता. धान्य साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या तिथे रांगेने उभ्या होत्या, आणि साठीच्या, काटक अंगाच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेल्या एक बाई एका कोठीचा गळा ठोकत होत्या. मी बाहेरून गाडीचं नाव सांगितलं तशी त्यांची हातोडी थांबली. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, आणि चहा संपेपर्यंत कामाचं एक अक्षर काढू दिलं नाही.

मग मी फोटो पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. मडगार्डवर बोट ठेवून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मनी बाजू चुकेल शे का, भाऊ?"

मनी म्हणजे माझी. अठ्ठावीस वर्षं या बाईने ही भीती जपली होती.

अक्कांनी सगळं सांगितलं, ते माझ्या शब्दांत असं. पत्रा ठोकायला दोघं लागतात. एक बाहेरून हातोडी मारतो आणि दुसरा आतून लोखंडी ठोकळा धरतो, म्हणजे पत्रा दोन्हींच्या मध्ये दबून आकार घेतो. लग्न झाल्यापासून अक्का मिस्तरींचा ठोकळा धरायच्या. उजवा मडगार्ड दोघांनी असाच केला. मिस्तरी माझा कागद भिंतीला लावून, मापाने, बाहेरून मारत होते. अक्का आत वाकून बसलेल्या. तो मडगार्ड झाला आणि दुसऱ्या आठवड्यात एका बसचा सांगाडा सरकून मिस्तरींचा उजवा हात मोडला. गाडी द्यायचा दिवस जवळ आलेला. दुसऱ्या कुणाला बोलावलं तर काम हातचं जाईल म्हणून अक्कांनी डावा मडगार्ड एकटीने करायला घेतला.

कागद त्यांना वाचता येत नव्हता. आणि मडगार्ड बाहेरून कसा दिसतो हेही त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं. "बाहेरनं माले काय मालूम? मी त मझार बठेल," त्या म्हणाल्या. आत बसून आठवडाभर ज्या खळग्यात त्यांचा तळवा फिरला होता, तो खळगा तेवढा त्यांना पाठ होता. म्हणून त्यांनी पत्रा उलटा करून रेतीच्या पोत्यावर ठेवला आणि आतल्या अंगाने ठोकायला घेतलं. तळहाताला ओळखीचं लागेपर्यंत ठोकत राहिल्या. आतून बरोबर झालं तेव्हा बाहेरचं पोट भरून आलं होतं. असं चुकायला आयुष्य पत्र्याच्या आतल्या बाजूला काढावं लागतं.

मिस्तरी दवाखान्यातून गळ्यात हात अडकवून आले. डाव्या हाताने त्यांनी मडगार्ड चाचपला. अक्का वाट बघत उभ्या होत्या, की आता रागावतील आणि पुन्हा ठोकायला लावतील. मिस्तरी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आते हातोडी लावू नको." त्यानंतर त्या विषयावर दोघं कधीच बोलले नाहीत. गाडी कुणी केली म्हणून लोक विचारायचे तेव्हा मिस्तरी आपलं नाव सांगायचे. त्यात अक्कांना काही वावगं वाटलेलं दिसलं नाही. मीही तेच करत आलो होतो, आणि माझा तर हातही मोडला नव्हता.

मी त्यांना सांगितलं की चुकलेली बाजू त्यांची नाही. चूक असेलच तर ती कागदावर होती, नऊ इंचांवर. त्या हसल्या. मी त्यांची समजूत काढतोय असं त्यांना वाटलं असावं.

संध्याकाळी पांझरेच्या पुलावर मी बराच वेळ उभा होतो. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलेल्या माणसाला दुसरी संधी मिळत नाही. उजवी बाजू पाठवली असती तर निदान एक गाडी माझ्या रेघेची निघाली असती, आणि ते कुणाला कळलंही नसतं. पण मला माझी रेघ आवडेनाशी झाली होती. इतकी वर्षं मी ज्या वळणासाठी झुरत होतो ते अक्कांच्या तळव्यातून आलेलं होतं. सकाळी बूथवर जाऊन मी शुभदाला डाव्या बाजूचे सगळे आकडे वाचून दाखवले. पस्तीस मिनिटं लागली. बाहेर उभ्या लोकांनी काचेवर टकटक करून मला नाना नावं ठेवली.

पुन्हा जळगाव

अक्कांनी गाडी धुळ्यातून गेल्यावर एकदाही पाहिली नव्हती. चला म्हटलं तर त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, फक्त लुगडं बदललं. एसटीत त्या खिडकीशी बसल्या आणि पारोळा येईपर्यंत मला लेकीच्या घरची हकिगत सांगत होत्या. प्लॅस्टिकचे ड्रम आल्यापासून कोठ्या कमी जातात, पण प्लॅस्टिकमध्ये ज्वारी घामेजते, ती त्यात श्वास घेऊ शकत नाही, असं त्यांचं मत होतं.

आबांना मी सगळं सांगितलं. ते अक्कांकडे आणि गाडीकडे आळीपाळीने बघत राहिले. ज्या बाजूकडे तोंड करून त्यांनी इतकी वर्षं काढली ती एका बाईने केली होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. "अक्का, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं. अक्का म्हणाल्या, "तवय तुम्ही गाडी लिधी नसती." आबांनी जरा विचार केला आणि खरं आहे म्हणाले. मग सुमनवहिनींना हाक मारून त्यांनी अक्कांसाठी खुर्ची मागवली. ती त्यांच्या शेजारी मांडली, गाडीच्या डाव्या बाजूला.

अक्का बसल्या नाहीत. मी त्यांना कम्प्युटरचं जेवढं मला कळतं तेवढं समजावून सांगितलं. एक बाजू राहील. दुसरी तिचंच प्रतिबिंब असेल. पुढे ज्या गाड्या निघतील, दहा निघोत नाहीतर हजार, त्यांच्या दोन्ही अंगांना एकच मडगार्ड असेल. आणि मी तुमचा निवडलाय, हे सांगताना मला अभिमान वाटत होता, उदार झाल्यासारखं वाटत होतं. त्यांना आनंद होईल असं मी धरून चाललो होतो.

त्या गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या. उजव्या चाकापाशी फरशीवर बसल्या आणि मडगार्डच्या आत हात घातला. तिथे रंग नाही. नुसता पत्रा आहे, ठोकल्याच्या खुणांनी भरलेला. त्यांचा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि तिथेच राहिला. मी शेजारी उकिडवा बसलो. त्यांनी मलाही आत हात घालायला सांगितला आणि माझं बोट धरून एका खळग्यावर टेकवलं. बाहेरून त्याच जागी दुसरा हात ठेवायला लावला.

"आठे आम्ही दोन्हीजन शेतस," त्या म्हणाल्या. "तठे मी एकलीच."

इथे, उजवीकडे, दोघांचे हात होते; तिकडे, डावीकडे, त्यांच्या एकटीचा. त्यांनी मागितलं काही नाही. तुम्हाला पटेल ती ल्या, एवढंच म्हणाल्या, आणि हात बाहेर काढायची त्यांना घाई नव्हती. आबांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. वहिनींनी तिच्यावर चहाचा ट्रे ठेवला.

दुपारी मी बूथवर गेलो. शुभदाने फोन उचलला तो आनंदातच. सर, डावी बाजू पडद्यावर आली, आम्ही सगळे बघतोय, फोटोतलीच रेघ आहे, साहेबसुद्धा येऊन गेले, असं ती एका दमात बोलत होती. मी ते ऐकून घेतलं. मग ती पुसून टाकायला सांगितली आणि वही उघडून उजव्या बाजूचे आकडे वाचू लागलो. पाच-सहा आकड्यांनंतर तिने मला थांबवलं.

"सर, पण डावी जास्त चांगली आहे."

"हो," मी म्हटलं. "चांगली डावीच आहे. तू उजवी घे."

तिने कारण विचारलं. आल्यावर सांगतो म्हणालो. येऊन महिना झाला. पडद्यावर आता गाडी पूर्ण झालीय, दोन्हीकडून सारखी, नऊ इंचांवर. ऑफिसातले लोक मला सांगतात की अखेर तुमची गाडी तुमच्या मापाने निघाली, आणि पेढे मागतात. मी पेढे दिले. फक्त शुभदाने पेढा घेतला नाही, आधी सांगा म्हणाली. मी रोज तिच्या टेबलापर्यंत जातो आणि परत येतो. पडद्यावर बोट ठेवून, हा मिस्तरींचा हात आणि हा अक्कांचा, असं तिला दाखवायला मी कुठून सुरुवात करू ते मला अजून समजलेलं नाही, कारण पडद्याला आतली बाजू नाही.